पाणी उतरताना

किल्ली देते, पण आधी बसा. दिवे गेलेत, तो कंदील जरा तुमच्याकडे सरकवून घ्या. नवा माणूस किल्लीला येईल, असा ऑफिसातून सकाळीच फोन होता. यंत्रावरचा आकडा बघायचा आणि खालच्या वस्तीला फोनवर कळवायचा, एवढंच तुम्हाला सांगितलं असणार. बसल्या जागेचं काम आहे, असंही म्हणाले असतील. त्यांचं काय जातं म्हणायला. मी कुणाला खोटं ठरवत नाही, पण ओढ्यावरच्या त्या खोलीत एकट्याने बसण्याआधी काही गोष्टी माणसाच्या कानावर असलेल्या बऱ्या.

हळू बोलते. आतल्या खोलीत माझी वहिनी आहे. या वेळेला ती जागी असते.

ते यंत्र मीच बसवलंय. खात्याची अशी यंत्रं आसपासच्या सगळ्या ओढ्यांवर आहेत. त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, काचा पुसायच्या, आत घर करणाऱ्या मुंग्यांशी भांडायचं, ही माझी नोकरी. यंत्र येण्याआधी पाण्याची पातळी बघायचं काम माझा दादा करायचा. खोलीपासून ओढ्यापर्यंत दगडी पायऱ्या उतरत गेल्यात. पायऱ्यांच्या कडेला एकाखाली एक खांब, आणि प्रत्येक खांबावर मीटरचे आकडे रंगवलेली पट्टी. पाणी चढलं की वरच्या खांबावर वाचायचं, उतरलं की खालच्या खांबाशी जायचं. एक जण खाली पट्टीशी, दुसरा वर खोलीच्या दारात. खालचा आकडा ओरडून सांगणार, वरचा तोच आकडा परत बोलणार, आणि मग खालचा म्हणणार, 'बरोबर'. ते 'बरोबर' आल्याशिवाय वस्तीला फोन जात नसे. पावसाच्या आवाजात चूक होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली रीत होती ती.

दादाला या कामासाठीच देवाने घडवलं असावं, कारण त्याला कुजबुजता म्हणून येत नसे. माझा परीक्षेचा निकाल त्याने फक्त आईच्या कानात सांगितला, तो गल्लीच्या टोकापर्यंत कळला. वहिनी म्हणायची, ह्यांच्याशी भांडायचं तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

तो गेला त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता, आणि दुपारी पाणी एकदम उतरायला लागलं. हे नीट ऐका, हे तुमच्या कामाचं आहे. भर पावसात ओढ्याचं पाणी उतरायला लागलं तर हुश्श करायचं नसतं. वर रस्त्याखाली मोरी आहे. वाहत आलेली झाडं तिच्या तोंडाशी अडकतात, पाणी मागे तुंबतं, म्हणून आपल्याकडे उतरतं. मग ती झाडं सुटतात आणि तुंबलेलं सगळं एकदम खाली येतं. अशा वेळी वस्तीला फोन करायचा आणि पायऱ्या सोडून वर यायचं. मला हे शिकवलं दादानेच. आणि तोच त्या दिवशी उतरत्या पाण्यामागे एकेक खांब करत शेवटच्या खांबापर्यंत गेला. का गेला, ते कुणालाच कळलं नाही. पोहणाराच बुडतो, म्हणाले लोक, आणि आपापल्या घरी गेले.

त्या दिवशी वर दारात वहिनी होती. नेहमीचा मदतनीस आजारी होता, म्हणून डबा घेऊन गेलेली ही तिथेच थांबली. तिला सगळ्यांनी विचारलं, मीही विचारलं. पाणी आलं आणि हे दिसेनासे झाले, एवढंच ती म्हणाली.

मग खात्याने यंत्र बसवलं. पायऱ्यांच्या तोंडाशी साखळी लावून खाली उतरायला मनाई केली, आणि दादाच्या जागी वहिनीला नोकरी दिली. मी तिला म्हटलं, दुसरीकडे बदली मागू. ती म्हणाली, "वन्सं, मला तिथेच बरं." मी तिच्याहून चांगली लहान, पण मला चिडवायला म्हणून ती लग्नापासून वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. दादाच्या आठवणीजवळ राहायचं असेल बिचारीला, असं मला वाटलं. मी हट्ट धरायला हवा होता.

गेल्या पावसाळ्यात मी बॅटरी बदलायला खोलीवर गेले, ती दुपार मला विसरता येत नाही. पाऊस दिवसचे दिवस थांबला नव्हता आणि त्यात धुकं उतरलेलं. साखळीपुढच्या दोन-तीन पायऱ्या दिसायच्या, मग नुसतं पांढरं. भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागला होता. कुजलेल्या पाल्याचा वास कपड्यांत शिरत होता. वहिनी स्टुलावर बसली होती, तोंड दाराकडे आणि पाठ यंत्राकडे.

"सरकार पगार यंत्राकडे बघायचा देतं," मी म्हटलं, "धुक्याकडे बघायचा नाही." ती जराशी हसली, पण वळली नाही.

मी बॅटरी बदलली. काचेवर दोन नव्वद उमटलं. सकाळपासून पाणी चढतच होतं. मी हत्यारं पिशवीत भरत होते आणि सहज पुन्हा बघितलं, तर दोन ऐंशी. काच पुसून बघितली. दोन पंचाहत्तर.

मी फोन उचलला. वस्तीत फोन घेतो तो शाळेचा शिपाई. शाळेची घंटाही त्याच्याच हातात. पाणी उतरतंय, वस्ती रिकामी कर, एवढंच मी सांगितलं. तो जुना माणूस, त्याने का म्हणून विचारलं नाही. थोड्याच वेळात खालून धुक्यातून घंटा ऐकू यायला लागली, न थांबता वाजणारी. मी फोन ठेवला. आणि मग पायऱ्यांच्या बाजूने आवाज आला.

"दोन सत्तर."

मी यंत्राकडे पाहिलं. दोन सत्तर होतं.

कुणीतरी साखळी ओलांडून खाली उतरलंय, हा माझा पहिला विचार. मी दारात धावले, वर या म्हणून ओरडणार, तर वहिनीने माझा दंड धरला.

"ओरडू नका, वन्सं... त्यांना आकड्याशिवाय दुसरं काही ऐकू जात नाही."

तेव्हा मला तो आवाज ओळखू आला. आधीच आला होता खरं तर, मी कबूल करत नव्हते. तोच दणका, तीच शेवटच्या अक्षरावर जोर द्यायची सवय. फक्त दम लागलेला नव्हता. पायऱ्या उतरत ओरडणाऱ्या माणसाला थोडा तरी दम लागतो.

वहिनीने मला हलक्या आवाजात सांगितलं. रोज नाही, पण भर पावसात पाणी उतरायला लागलं की हे होतं. तो आकडा सांगतो, थांबतो, उत्तर येत नाही, मग खालच्या खांबाशी जाऊन नवा आकडा सांगतो. असं शेवटच्या खांबापर्यंत. मग पाणी येतं. तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. तिला भीती वाटत होती.

"दोन चाळीस." आवाज आता आणखी खालून आला.

वहिनीने माझा दंड सोडला. ती बोलली ते माझ्याकडे न बघता, धुक्याकडे बघून.

"त्या दिवशी मला आकडा ऐकू आला होता, वन्सं. स्वच्छ आला होता. सकाळी आमचं भांडण झालं होतं... छत्री कुणी हरवली, यावरून. हे वर यायच्या बेतात होते. मी मुद्दाम म्हटलं, काय? ऐकू नाही आलं. ओरडू देत परत, असं मनात म्हटलं. पण ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, शिळा आकडा सांगायचे नाहीत. पाणी तेवढ्यात उतरलेलं, म्हणून खालच्या खांबाशी जाऊन नवा वाचून ओरडले... मी परत म्हटलं, काय?"

मला रडूही आलं नाही. मी यंत्रांची बाई. बिघाड कुठे आहे ते कळलं की तो काढायचा, एवढंच मला येतं. दादा उत्तराची वाट बघतोय, उत्तर मिळालं की तो सुटेल आणि हीपण सुटेल, हे मला त्या क्षणी फार सोपं वाटलं. मी म्हटलं, "मग आज उत्तर दे. ऐकू आलं म्हणून सांग आणि मोकळी हो."

हे मी म्हटलं. तिने मला विचारलं नव्हतं. तिला नकोच होतं, ती मान हलवत होती. मी तिच्या पाठीला हात लावून तिला दाराबाहेर नेलं.

"दोन दहा." हा अगदी खालून, शेवटच्या खांबापासून.

वहिनी साखळीशी उभी राहिली, हात तोंडाशी धरून म्हणाली, "दोन दहा."

ओढ्याची खळखळ जवळजवळ थांबली होती. घंटाही थांबली होती, म्हणजे वस्ती रिकामी झाली होती. आम्ही दोघी 'बरोबर'ची वाट बघत राहिलो.

"काय?" खालून आवाज आला. "ऐकू नाही आलं."

वहिनी हसली. डोळे पुसत हसली. "फिटंफाट करतायत," मला म्हणाली, आणि पुन्हा मोठ्याने आकडा बोलली.

"काय?"

ती साखळीखालून वाकून पलीकडे गेली. मी तिला हाक मारली, तर "आलेच... एवढं सांगून येते," असं म्हणत ती आणखी उतरली, आणि धुक्यात ती मला कमरेपर्यंतच दिसायला लागली. तेवढ्यात वर मोरीच्या बाजूला मोठं लाकूड मोडल्याचा आवाज झाला. मी साखळी ओलांडली, तिचा हात धरला आणि ओढायला लागले. ती घसा ताणून ओरडत होती. "दोन" म्हणाली आणि तिचा आवाज मध्येच बंद झाला. तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या, श्वासही चालू होता, पण आवाज नव्हता. "दहा" मला ऐकू आलं ते खालून, धुक्यातून, तिच्याच आवाजात. त्या गडबडीत मला तो प्रतिध्वनी वाटला. आम्ही दोघी साखळीच्या वर येऊन पडलो आणि मागून पाणी गेलं.

वस्तीत काही भिंती पडल्या, माणूस एकही गेला नाही. आमच्या सत्काराचंही घाटत होतं. मी नको म्हणून कळवलं.

त्या दिवसापासून वहिनी बोलत नाही. तिची जागा रिकामीच राहिली, किल्ली माझ्याकडे. डॉक्टर म्हणतात घशात काही दोष नाही, धक्का आहे, वेळ द्या. ओढ्याचा आवाजही तिच्या कानी पडू नये म्हणून मी जुनं घर सोडून हे चढावरचं घर घेतलं. ती जेवते, कपड्यांच्या घड्या घालते, मी काही मूर्खपणा केला तर हसतेही, पण आवाज न करता. रोज सकाळी मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवते आणि उगीच थांबते. साखर कमी आहे, वन्सं, असं ती आता म्हणेल, मग म्हणेल.

यंदा पाऊस लागल्यावर मी खोलीवर गेले. पाणी उतरत होतं आणि धुकं होतं. खालून दादा म्हणाला, "एक ऐंशी." आणि साखळीशी, माझ्यापासून हातभर अंतरावर, जिथे कुणी नव्हतं, तिथून वहिनी म्हणाली, "एक ऐंशी." मग खालून आलं, "बरोबर."

मी त्या स्टुलावर बसून रडले. तिला मी ओढून वर आणलं होतं, पण सगळी आणली नव्हती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला तिथे जायची ओढ लागली. बॅटरी चांगली असली तरी जायचे. दोघांचे आवाज ऐकायचे, घरी यायचे, आणि ही खिडकीशी मुकी बसलेली. त्या दिवशी मी तोंड मिटून बसले असते तर ती आज माझ्याशी भांडत असती. दुसरं काही मागणं नाही माझं, फक्त तेवढी एक दुपार परत हवी.

मागच्या आठवड्यात गेले, तर दादाने आकडा सांगितला आणि कुणी परत बोललं नाही. तो पुन्हा म्हणाला, पुन्हा म्हणाला, मग गप्प झाला. मी पावसात धावत घरी आले. तिचा आवाज तिच्याकडे परत आला, याशिवाय दुसरं काही मला सुचलं नाही. वहिनी घड्या घालत होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, बोल. तिने तोंड उघडलं. काही नाही.

मग बाजारात शाळेचा शिपाई भेटला, एकदम खुशीत. वहिनी बोलायला लागल्या आणि मला कळवलंही नाहीत, म्हणाला. संध्याकाळी पुलाजवळ धुक्यात त्यांनी माझ्या नव्या घराचा रस्ता विचारला होता त्याला. दिसल्या नाहीत, पण फोनवर रोज ऐकलेला आवाज, तो कसा चुकेल. त्याने पाण्याची टाकी, तिथून वर, हिरवं दार, सगळं नीट समजावून दिलं होतं.

काल संध्याकाळी तो आवाज दाराशी आला. दार वाजलं नाही. ती वाजवत नाही, म्हणूनच तुम्ही वाजवलंत तेव्हा मी न घाबरता उघडलं. बाहेरून फक्त म्हणाली, "वन्सं, उघडा. मी आहे."

वर्षभर मी या एका शब्दासाठी झुरले होते. मी कडीला हात घातला आणि आत वळून म्हटलं, "वहिनी, तुझा आवाज आलाय गं." ती माझ्या मागेच येऊन उभी होती. तिने माझा हात कडीवर दाबून धरला आणि मान हलवली. बाहेरून पुन्हा आलं, "वन्सं, भिजले मी..." वहिनी मान हलवतच राहिली.

आणि मग त्याच आवाजात, वहिनीच्याच आवाजात, बाहेरून आलं, "ठेंगे, दार उघड."

लहानपणी मी बुटकी होते. ठेंगी म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि तेही आम्ही दोघंच असताना. सख्खा भाऊ दारात उभा आहे आणि आपण कडी धरून ठेवतोय... मी कडी अर्धी सरकवली. तेव्हा वहिनीने मला खांद्याला धरून स्वतःकडे वळवलं. वर्षभरात मला तिचे ओठ वाचायची सवय झालीय. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, 'ते नाहीत, वन्सं. तेव्हाही नव्हते.'

मी कडी लावली. बाहेरून पावलं गेल्याचा आवाज आला नाही. रात्रभर मी एकच विचार करत बसले, की मग मी तिला उत्तर द्यायला लावलं ते कुणाला? आणि माझा दादा कुठे आहे?

म्हणून तुम्हाला सांगते. तिथे पाणी उतरत असताना खालून कुणी तुमच्या ओळखीच्या आवाजात बोललं, तर बोलू द्या. तुमची आई असो, तुमचं मूल असो. ऐकून घ्या, वस्तीला फोन करा, पण उत्तर देऊ नका. एक शब्दही नको.

कंदील जरा खाली धरा बघू. तुमच्या बुटांना तांबडी माती लागलीय. ही माती त्या पायऱ्यांवरच मिळते, इकडे वर नाही. म्हणजे इथे येण्याआधी तुम्ही ओढा बघून आलात... साहजिक आहे, नव्या जागी माणूस आधी जाऊन बघतोच. दुपारी धुकं होतं ना तिथे? पाणीही उतरत असेल...

बघा, वहिनी बाहेर आली. परक्या माणसासमोर ती कधी येत नाही. तुमचा हात का धरलाय तिने? वहिनी, रडतेस का गं?

मघापासून मी एकटीच बोलतेय. तुम्ही आल्यापासून काहीच बोलला नाहीत. किल्ली राहू दे. काहीतरी बोला. तुमचं नुसतं नाव सांगितलंत तरी चालेल.